शाळेच्या क्रीडानिधीचा हिशेब संकेतस्थळावर कसा मांडावा?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात बर्कशरमध्ये राहते. गेल्या सप्टेंबरात लेकीच्या प्राथमिक शाळेच्या नियामक मंडळावर पालकांतून निवडून आले. इथे त्याला पेरेंट गव्हर्नर म्हणतात. मागच्या आठवड्यात मुख्याध्यापिकांनी सांगितलं, क्रीडानिधीचा वार्षिक अहवाल 31 जुलैच्या आत शाळेच्या संकेतस्थळावर टाकायचा आहे, त्याआधी तू एकदा वाचून दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 2012 च्या लंडन ऑलिंपिकनंतर, 2013 पासून इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांना सरकार 'पीई अँड स्पोर्ट प्रीमियम' देतं. पैसा फक्त शारीरिक शिक्षण आणि खेळांसाठी. किती मिळाले, कशावर खर्च झाले, मुलांवर काय परिणाम झाला आणि तो पुढे कसा टिकणार, हे शाळेने जाहीर करायचं. शिवाय सहावीतली किती टक्के मुलं निदान 25 मीटर नीट पोहतात, वेगवेगळे हात मारू शकतात आणि पाण्यात स्वतःचा जीव वाचवू शकतात, तेही तिथेच द्यायचं.

मागच्या वर्षीचा अहवाल उघडला तर नऊ पानी तक्ता. "मुलांचा आत्मविश्वास वाढला", "खेळाविषयी उत्साह दिसून आला" अशी वाक्यं पानोपानी. पूर्ण वाचूनही माझ्या मुलीच्या वर्गात नेमकं काय बदललं ते कळलं नाही.

आता अडचणी दोन. एक, रक्कम. नियम 16,000 पौंड अधिक दर मुलामागे 10 पौंड असा आहे. शाळेत 210 मुलं, म्हणजे 18,100 हवेत. अहवालात 17,800 आहेत. 300 पौंड गेले कुठे?

दुसरी अडचण मोठी. सहावीच्या 30 पैकी 17 मुलंच 25 मीटर पोहतात, म्हणजे 57 टक्के. बैठकीत एक जण म्हणाले, फ्लोट (तरंगायला हातात धरायची फळी) धरून जाणारीही मोजू, म्हणजे आकडा बरा दिसेल. मला ते पटलं नाही, पण नवखी असल्यामुळे गप्प बसले. घरी आल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये.

असे अहवाल कुणी लिहिले, तपासले आहेत का? मी काय विचारावं?

---

लेस्टरकर

रानजाई, स्वागत आहे या कामात. मी अकरा वर्षं गव्हर्नर आहे. पहिल्या अडचणीचं उत्तर सोपं आहे. 10 पौंड पहिली ते सहावीच्या मुलांमागे मिळतात, रिसेप्शनची, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाची, मुलं धरत नाहीत. तुमची एका तुकडीची शाळा दिसते, तेव्हा रिसेप्शनची 30 वजा करा. 180 मुलांचे 1,800, अधिक 16,000, झाले 17,800. पैसे कुठेही गेलेले नाहीत.

हप्ते दोन येतात, बारापैकी सात भाग शरद ऋतूत आणि उरलेले पाच भाग एप्रिलअखेरीस. त्यामुळे वर्षाच्या मधे हिशेब पाहिला तर तो अर्धवटच दिसतो. तेव्हाही घाबरू नका.

पोहण्याच्या आकड्याबद्दल सवडीने लिहितो, पण आत्ताच एवढं सांगतो: फ्लोट धरून जाणारं मूल मोजायचं नाही. तुम्हाला पटलं नाही ते योग्यच होतं.

---

रानजाई

लेस्टरकर, जीव भांड्यात पडला. मी उद्या हे 300 पौंड बैठकीत विचारणार होते!

---

आकडेमोड

म्हणजे दर मुलामागे साधारण 99 पौंड. सतरापेक्षा कमी मुलं असलेल्या खेड्यातल्या शाळेला काय मिळतं? तिथेही 16,000?

---

लेस्टरकर

नाही. 16 किंवा त्याहून कमी मुलं असतील तर दर मुलामागे 1,000 पौंड. सुरुवातीला दर 8,000 अधिक 5 असा होता, 2017 पासून दुप्पट झाला. साखर घातलेल्या शीतपेयांवर कर लावायचं 2016 मध्ये जाहीर झालं होतं, त्या पैशातून ही वाढ द्यायची असं ठरलं. कर प्रत्यक्ष लागू झाला एप्रिल 2018 मध्ये.

---

खोखोपटू

अरे वा! कोला पिणाऱ्यांनी पोरांच्या पळण्याचा खर्च उचलला :)

---

साताऱ्याचा मास्तर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे समग्र शिक्षामधून क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक शाळेला 5,000 रुपये, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिकला 25,000 पर्यंत अनुदान असतं. 99 पौंड एका पोरामागे वाचून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

पण तुलना करायला लिहीत नाही. हिशेब कसा मांडावा एवढंच विचारलंय, तर आमचा अनुभव सांगतो. पैसे आले की शाळा व्यवस्थापन समितीत ठराव होतो. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. खरेदी झाली की साठा नोंदवहीत नोंद, मग उपयोगिता प्रमाणपत्र. हे सगळं कपाटात जातं. पालकांना त्यातलं काही दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूनं लिहून टाकलं: दोरीच्या उड्या 20, लेझीम 15 जोड, रिंगा 10, व्हॉलीबॉल 2, कबड्डीचं मैदान आखायला चुना. समोर किंमत. खाली एक ओळ, "यातलं काय मोडलं तर इथे लिहा." पहिल्याच आठवड्यात चौथीतल्या एका पोरीनं लिहिलं, "लेझीम फक्त मोठी मुलं घेतात." मी साहित्य मोजत होतो, वाटप कसं होतंय ते बघितलंच नव्हतं. त्या पोरीनं दाखवलं.

तुमच्या अहवालात हे येतं का ताई? साहित्य कुणाच्या हातात पडलं ते?

---

रानजाई

मास्तर, येत नाही. नऊ पानांत "सर्व मुले" एवढेच दोन शब्द आहेत.

---

घंटा_झाली

आता माझंही ऐका. मी बर्मिंगहॅमच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि पीईची (शारीरिक शिक्षणाची) जबाबदारी माझ्याकडे आहे. म्हणजे हा अहवाल मीच लिहिते. जुलैत निकालपत्रं, सहावीचा निरोप समारंभ, खेळांचा दिवस, पुढच्या वर्षीचे वर्ग लावणं आणि त्यात हा तक्ता. 2024-25 पासून शिक्षण खात्याचा ऑनलाइन फॉर्मही सक्तीचा झाला, त्यात खर्च वेगळ्या पद्धतीने भरायचा. संकेतस्थळावरचा अहवाल त्याने सुटत नाही.

आत्मविश्वास वाढला, असं आम्ही का लिहितो ते सांगते. कारण सप्टेंबरात कुणीच काही मोजलेलं नसतं. जुलैत परिणाम लिही म्हटलं की मी कुठून आणू? मग विशेषणं येतात. गव्हर्नर मंडळी जुलैत येऊन "यात ठोस काही नाही" म्हणतात तेव्हा फार राग येतो. सप्टेंबरात येऊन "या वर्षी काय मोजायचं?" असं कुणी विचारत नाही.

शिवाय मी वर्षभर मुलांना मैदानावर नेते, ते काम आहे. तक्ता हे काम नव्हे. पालकांपैकी किती जण तो उघडतात? आमच्या शाळेत गेल्या वर्षी मला एकाही पालकाने त्याबद्दल विचारलं नाही.

---

आकडेमोड

घंटा_झाली, तुमचा त्रास समजतो, पण शेवटच्या मुद्द्याशी सहमत नाही. कुणी वाचत नाही म्हणून लिहू नये असं ठरवलं तर ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत कुणालाच हिशेब द्यायची गरज नाही. आणि जे नऊ पानी आणि विशेषणांनी भरलेलं आहे ते पालक उघडणार तरी कसे? अर्ध्या पानावर येईल असं लिहा, मग बघू वाचतात का.

---

घंटा_झाली

अर्धं पान मला आवडेलच. पण अहवालाच्या नमुन्यात रकाने आहेत: शिक्षकांचं कौशल्य, सगळ्या मुलांची नियमित हालचाल, शाळेत खेळाला मिळणारं स्थान, खेळांची विविधता, स्पर्धा. पाचही आम्ही भरतो.

---

लेस्टरकर

भरा की. तक्ता ठेवा आणि वर अर्ध्या पानाचा सारांश द्या. आम्ही चार वर्षांपासून तेच करतो. तक्ता तपासनीसांसाठी, सारांश आईबाबांसाठी. ऑफस्टेडचे (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे) लोक शाळेत यायच्या आधी संकेतस्थळ बघतात हे खरं आहे, पण तेवढ्यासाठीच लिहिलं तर भाषा तशीच होते.

आता एक जुनी गोष्ट. एका शाळेत (नाव घेत नाही, मी तेव्हा नवा होतो) जवळजवळ सगळा निधी बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकावर जायचा. तो फुटबॉल शिकवायचा, मुलं खूश असायची. पण त्या तासाला वर्गशिक्षक पाठाची तयारी करायला स्टाफरूममध्ये बसायचे. शिक्षकांना तयारीचा वेळ द्यायलाच हवा, तो त्यांचा हक्क आहे, पण त्या वेळेची सोय या पैशातून करायची नाही असं नियमात स्पष्ट आहे. अहवालात मात्र "शिक्षकांचे कौशल्य वाढवणे" या रकान्यात ती रक्कम पाच वर्षं दिसत होती. प्रशिक्षक दुसरीकडे गेला आणि त्या सप्टेंबरात एकही शिक्षक चेंडू घेऊन मैदानावर उभा राहायला तयार नव्हता. मीही त्या पाच अहवालांपैकी दोनांना मान डोलावली होती. अजून वाईट वाटतं.

म्हणून रानजाई, पहिला प्रश्न हा विचारा: प्रशिक्षक शिकवतो तेव्हा आपले शिक्षक कुठे असतात?

दुसरा: रोजचं पोहणं यातून भागवलंय का? अभ्यासक्रमातलं ठरलेलं पोहणं शाळेने आपल्या नेहमीच्या पैशातून करायचं. जी मुलं तेवढ्यात शिकली नाहीत त्यांच्या जादा तासांना हा निधी चालतो. बांधकामासारखे भांडवली खर्च तर अजिबात नाहीत.

तिसरा: 31 जुलैला काही शिल्लक राहतंय का? शिल्लक पुढच्या वर्षात नेता येत नाही, त्यामुळे जूनमध्ये घाईघाईने गाडाभर चेंडू येतात.

---

पुणेरी_आई

इंग्लंडच्या पालकांना निदान मागायचा मार्ग आहे. माझा मुलगा पुण्यात सीबीएसईच्या विनाअनुदानित शाळेत जातो. बोर्डाच्या नियमाने शाळेला संकेतस्थळावर अनिवार्य माहिती द्यावी लागते: फी, निकाल, समित्यांची यादी, इमारतीची माहिती. फी कळते. त्यात "क्रीडा व उपक्रम" म्हणून घेतलेल्या पैशांचं काय झालं ते कळत नाही. दुसरीपासून पाचवीपर्यंत माझ्या मुलाने शाळेत एकदाही शर्यतीत भाग घेतला नाही, कारण वार्षिक स्पर्धेला निवडलेली मुलंच असतात. बाकीची टाळ्या वाजवतात.

---

आकडेमोड

पुणेरी_आई, महाराष्ट्रात 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असावी लागते आणि फीचा प्रस्ताव तिच्यापुढे यावा लागतो. त्या बैठकीत क्रीडाखर्चाचा तपशील मागा, लेखी मागा. आणि शाळा सरकारी असेल तर माहिती अधिकार कायदा, 2005, कलम 4 आहेच. अर्ज न करताही ही माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी असंच ते कलम सांगतं.

---

पुणेरी_आई

लिहून ठेवलं. ऑगस्टमध्ये बैठक आहे. धन्यवाद.

---

पाणकावळा

पोहण्याकडे वळू या का? रानजाईंचा खरा प्रश्न तिथे आहे.

आम्ही विहिरीत शिकलो. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, काका वरून ढकलायचा. धाकट्या भावंडांना वाळलेला भोपळा. डबा बांधून आम्ही सगळेच विहिरीच्या या कडेपासून त्या कडेला जायचो, आणि आजी विचारायची, "डबा सोडून गेलास का?" तोवर तिच्या लेखी आम्ही पोहत नव्हतो. मे महिन्यात डबा सुटला की घरात शिरा व्हायचा.

माझा चुलतभाऊ डब्यानिशी पोहता येतं म्हणून धरणाच्या पाण्यात उतरला होता. गावातल्या माणसांनी बाहेर काढला, वाचला. तेव्हापासून मला हा विषय आकड्यांचा वाटत नाही. फ्लोट धरणाऱ्या मुलाला "पोहता येतं" असं शाळेने छापलं तर त्याचे आईबाप सुट्टीत त्याला समुद्रात निर्धास्त सोडतील.

---

रानजाई

पाणकावळा, मला बैठकीत नेमकं हेच म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते.

---

घंटा_झाली

या मुद्द्यावर मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. आणि तीन आकडे वेगळे द्या. 25 मीटर जाणारी वेगळी, क्रॉल-बॅकस्ट्रोक-ब्रेस्टस्ट्रोक असे वेगवेगळे हात येणारी वेगळी, स्वतःला वाचवू शकणारी वेगळी. बरेचदा एकच आकडा तिन्ही ओळींत टाकलेला असतो. आमच्या वर्गात एक मुलगा 25 मीटर जात नाही, पण कपड्यांसकट पाण्यात पडला तर पाठीवर तरंगत राहून हाक मारू शकतो. दुसरी मुलगी सरळ रेषेत झकास पोहते, पण खोल पाण्यात पाय टेकला नाही की घाबरते.

57 टक्के का आहेत तेही बघा. आमच्या अनुभवात ज्यांच्या घरचे शनिवारी शिकवणी लावतात ती मुलं येतात, बाकीची शाळेवर अवलंबून असतात. त्या 13 मुलांसाठी अजून वेळ गेलेली नाही. जादा तास घ्या. निधी नेमका त्यासाठी चालतो, लेस्टरकरांनी वर लिहिलंच आहे.

---

खेड्यातली_शाळा

एक वेगळी अडचण. मी कंब्रियात आहे, आमच्या सहावीत सात मुलं. एक मूल पोहू शकलं नाही की 86 टक्के, आणि ते मूल कोण हे सगळ्या गावाला ठाऊक. गेल्या वर्षी त्या मुलाच्या आईला दुकानात कुणीतरी विचारलं. ती रडत शाळेत आली. आकडा द्यावा लागतोच, पण तेव्हापासून आम्ही आजूबाजूच्या मजकुरात कुठल्याही मुलाची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. आजारपण, अपंगत्व, शाळेत उशिरा आलं वगैरे कारणं तर मुळीच नाही. फोटोही तपासून घेतो.

---

साताऱ्याचा मास्तर

ताई, हे फार बरं सांगितलंत. मी फळ्यावर "लेझीम मोडली" यासमोर पोराचं नाव लिहायचो. आज पुसलं.

---

खोखोपटू

थोडं अवांतर. या निधीतून खो-खो चालेल का? दोन खांब, मैदानाची आखणी, बाकी खर्च शून्य. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही जिंकले, अंतिम सामने दोन्हीकडे नेपाळशी. इंग्लंडचा संघही आला होता! मग इंग्लंडच्या शाळेत का नको?

---

लेस्टरकर

चालेल, विविध खेळांचा अनुभव हा त्या पाच रकान्यांतला एक आहेच. आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी लेझीम शिकवली होती. गुजराती, सोमाली, पोलिश सगळी पोरं एका तालावर. पण त्याचा परिणाम काय लिहिला माहिती आहे? "ज्या 24 मुलांनी आधी एकाही क्लबमध्ये नाव घातलं नव्हतं, त्यातल्या 9 जणांनी घातलं." मला ते वाक्य "सांस्कृतिक जाणीव वाढली" यापेक्षा किती तरी बरं वाटतं.

---

रानजाई

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. झालेलं सांगते.

घंटा_झाली, तुमची पोस्ट छापून आमच्या पीईच्या शिक्षिकेला दाखवली. आधी हसल्या, मग म्हणाल्या, "हे मी लिहिलंय असं वाटतंय." त्यांच्याबरोबर दोन संध्याकाळी बसले. त्यांच्या वहीत खूप काही नोंदलेलं होतं, फक्त अहवालात आलं नव्हतं. कुठलं मूल कुठल्या सामन्याला गेलं त्याची यादी तर दोन वर्षांची होती.

आता वर अर्धं पान आहे. त्यात: मिळाले 17,800 पौंड. शिक्षकांचं प्रशिक्षण 6,200, दुपारचे क्लब 3,750, सामन्यांना जायच्या बसचं भाडं 3,100, पोहण्याचे जादा तास 2,900, मधल्या सुट्टीचं साहित्य 1,850. बेरीज जुळते, आकडेमोड यांनी तपासावी.

त्याखाली अशी वाक्यं: "सप्टेंबरात सातपैकी दोन शिक्षक जिम्नॅस्टिक्सचा तास स्वतः घेत होते, जूनमध्ये पाच." "तिसरी ते सहावीच्या 120 मुलांपैकी 71 मुलं शाळेबाहेरच्या एकाही सामन्याला गेली नव्हती. आता ती संख्या 28 आहे. पुढच्या वर्षी बसमधल्या जागा आधी या 28 जणांसाठी ठेवू." हे दुसरं वाक्य मास्तरांच्या चौथीतल्या त्या मुलीमुळे सुचलं.

लेस्टरकर, तुमचा पहिला प्रश्न बैठकीत विचारला. दोन तासांना शिक्षक मैदानावर नव्हते असं निघालं. सप्टेंबरपासून ते प्रशिक्षकाबरोबर उभे राहतील, आणि तसं अहवालात लिहिलं आहे.

आणि पोहणं. मी उभी राहून पाणकावळ्यांच्या आजीची गोष्ट सांगितली, डबा सोडून गेलास का, हे इंग्रजीत जमेल तसं. ज्यांनी फ्लोटचं सुचवलं होतं ते गृहस्थ म्हणाले, "माझ्या नातवाचं मला आत्ता विचारायला हवं." उरलेल्या 13 मुलांना दोन आठवडे रोज तलावावर नेलं. पाच जणांना जमलं. म्हणून अहवालात दोन्ही आकडे आहेत: मार्चमध्ये 30 पैकी 17, जुलैत 22. वेगवेगळे हात 12 जणांना येतात आणि स्वतःला वाचवणं 19 जणांना. उरलेल्या आठ मुलांच्या पालकांना अहवाल प्रसिद्ध व्हायच्या आधी शाळेने स्वतंत्र फोन केला आणि गावातल्या तलावाच्या सुट्टीतल्या वर्गांची माहिती दिली. कुणाचाही फोटो नाही.

सप्टेंबरात काय मोजायचं याची यादीही आत्ताच केली.

---

आकडेमोड

बेरीज जुळते. 17,800. टक्के लिहिलेत की नाही? 22 म्हणजे 73 टक्के, 12 म्हणजे 40, 19 म्हणजे 63.

---

घंटा_झाली

डोळ्यांत पाणी आलं वाचून. तुमच्या शिक्षिकेला माझा नमस्कार सांगा.

---

पाणकावळा

त्या पाच जणांना शिरा द्या कुणीतरी.

---

पुणेरी_आई

आमची बैठक 9 तारखेला आहे. लेखी पत्र दिलं आहे, अकरा पालकांच्या सह्या आहेत. होईल ते इथे लिहीन.

---

लेस्टरकर

आमच्या मंडळाने खो-खोला होकार दिला! खांब किती उंच लागतात, खोखोपटू?

---

खोखोपटू

जमिनीपासून 120 ते 125 सेंमी. लाकडी, गोल, गुळगुळीत तासलेले, वर टोक ठेवू नका. आखणीचं चित्र उद्या टाकतो.

---

साताऱ्याचा मास्तर

चित्र मी टाकतो, माझ्या फळ्यावर आत्ता तेच काढलंय.